अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात असायलम सिद्ध करायला कागद लागतातच का?

मंजिरी_श
मंडळी, असायलमबद्दल, म्हणजे मायदेशी छळाची भीती म्हणून मागितलेल्या आश्रयाबद्दल, व्हॉट्सॅपवर आणि इथल्या जुन्या धाग्यांवर दोन टोकाची मतं वाचली. एक म्हणे, एफआयआर नाही तर केस नाही, विषय संपला. दुसरं म्हणे, जज फक्त हकीकत ऐकतो, ती पटली की काम झालं. दोन्ही एकाच वेळी खरी असणं अवघड आहे.

तर प्रश्न असा: एकट्या अर्जदाराच्या साक्षीवर दावा सिद्ध होतो का? होत असेल तर कोणत्या अटींवर? आणि भारतातून आलेल्या माणसाची केस साधारण कुठे अडकते? जाणकारांनी नेमकं लिहावं. "हे सगळे खोटेच असतात" या चर्चेसाठी कृपया वेगळा धागा काढा.

खडूस
वेगळा काढला तर तिथे चारशे प्रतिसाद येतील आणि इथे चार. असो, वाचतोय.

वकीलकाका
दोन्ही मतं अर्धी आहेत. इमिग्रेशन कायद्याच्या कलम 208 मध्ये 2005 च्या रिअल आयडी कायद्याने जी भर घातली, त्यात उत्तर सरळ लिहिलंय. एकट्याची साक्ष पुरू शकते, पण ती विश्वासार्ह हवी, पटणारी हवी आणि तिच्यात नेमका तपशील हवा. तिन्ही गोष्टी हव्यात, दोन असून भागत नाही. लोक इथवर वाचून थांबतात. पुढची तरतूद अशी की साक्ष विश्वासार्ह असली तरी अमुक कागद आणायला हवा होता असं जजला वाटलं, तर तो द्यावाच लागतो. सुटका एकच: तो कागद तुमच्याकडे नाही आणि वाजवी प्रयत्न करूनही मिळण्यासारखा नाही.

म्हणजे मिळण्यासारखा असेल तर कागद लागतो. नसेल तर का नाही, हेही सिद्ध करावं लागतं, आणि ते ओझं अर्जदारावरच.

आता सिद्ध काय करायचं? 1980 च्या रेफ्युजी कायद्यातली व्याख्या घ्या. छळ झाला किंवा होण्याची सयुक्तिक भीती आहे, आणि तो वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट या पाचांपैकी एका कारणाने. शिवाय छळणारं सरकार हवं, किंवा ज्यांना आवरायला सरकार असमर्थ वा नाखूश आहे असे लोक हवेत. यातला प्रत्येक शब्द वेगळा सिद्ध करायचा असतो. "मला मारलं" यावर सगळा भर देऊन "का मारलं" यावर अर्धं पान लिहिलेल्या केसेस ढिगाने पडतात.

निळू
भीती किती हवी? 50 टक्क्यांच्या वर शक्यता लागते असं ऐकलंय.

वकीलकाका
असायलमला नाही. 1987 च्या कार्डोझा-फोन्सेका निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की 10 टक्के शक्यताही सयुक्तिक भीती ठरू शकते. 50 च्या वरची कसोटी विथहोल्डिंग ऑफ रिमूव्हलला (छळ होईल त्या देशात न पाठवण्याचं संरक्षण) आणि यातनाविरोधी करारालाही (यातना होतील तिथे न पाठवण्याचं संरक्षण) लागते. तिन्ही एकाच आय-589 अर्जात मागता येतात. यातनाविरोधी कराराची चौकट पहिल्या पानावर वर आहे, तिथे खूण करायची राहते बऱ्याच जणांची.

फ्रेमाँटकर
काकांच्या कागदाच्या मुद्द्याला पुरवणी. तुमचं कोर्ट कुठल्या सर्किटमध्ये, म्हणजे कुठल्या प्रादेशिक अपील कोर्टाखाली, आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. कॅलिफोर्निया वगैरे नवव्या सर्किटमध्ये 2011 च्या रेन निकालानुसार जजला अमुक कागद हवा असेल तर त्याने आधी सांगायचं, आणि आणायला किंवा न मिळण्याचं कारण द्यायला संधी द्यायची. बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने (इमिग्रेशन जजच्या निकालावर अपील ऐकणारं मंडळ) मात्र 2015 मध्ये एल-ए-सी प्रकरणात अशी आगाऊ सूचना द्यायची गरज नाही असं म्हटलं. म्हणून न्यूयॉर्कच्या भाच्याचा अनुभव फ्रेस्नोच्या माणसाने जसाच्या तसा घेऊ नये, आणि उलटही.

भाषांतरवाली
कागदांबद्दल बोलताय तर भाषांतराचं सांगते, कारण चांगला कागद इथे वाया जातो. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र लागतं. त्यात दोन गोष्टी अत्यावश्यक: मला या भाषेतून भाषांतर करता येतं, आणि हे भाषांतर माझ्या क्षमतेप्रमाणे खरं व अचूक आहे. नोटरी लागत नाही. "मुख्य मुद्द्यांचा गोषवारा" चालत नाही.

दुसरं, अर्जदाराला इंग्रजी येत नसेल तर त्याच्या इंग्रजी प्रतिज्ञापत्राला वेगळं प्रमाणपत्र: हे सगळं त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवलं आणि त्याला कळलं. हे नसेल तर उलटतपासणीत "हे मी लिहिलेलंच नाही, वकिलाच्या ऑफिसातल्या मुलीने लिहिलं" असं उत्तर येतं. तिथून सावरणं कठीण.

गोमंतक_टेक्सास
दुभाषी कोर्ट देतं की आपण न्यायचा?

भाषांतरवाली
कोर्ट देतं, फुकट. पहिल्या मास्टर (प्राथमिक) सुनावणीतच भाषा नोंदवा. मराठी किंवा कोकणी असेल तर तीच सांगा. "हिंदी चालेल" असं सौजन्याने म्हणून टाकू नका. दुभाषी बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर असतो, तो काही चुकीचं सांगतोय असं वाटलं तर त्याच क्षणी जजला सांगायचं. रेकॉर्डिंग चालू असतं, तक्रार नोंदीत गेली तर पुढे अपिलात तिला अर्थ राहतो.

दवाखाना_नोंद
भारतातल्या वैद्यकीय कागदांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा कागद सगळ्यांना भक्कम वाटतो आणि नेमका तोच उलटतो.

सरकारी रुग्णालयात मारहाणीचा रुग्ण आला की मेडिको-लीगल केस म्हणून नोंद होते. कॅज्युअल्टीतला डॉक्टर वर एक ओळ लिहितो, रुग्णाने किंवा सोबतच्याने काय सांगितलं ती. भीतीपोटी तिथे बहुतेक वेळा "अज्ञात इसमांकडून मारहाण" किंवा सरळ "पडल्यामुळे इजा" असं सांगितलं जातं. डिक्लरेशनमध्ये (अर्जाला जोडलेल्या स्वतःच्या लेखी हकीकतीत) मात्र असतं की सत्ताधारी पक्षाच्या अमुक कार्यकर्त्यांनी पक्षाचं नाव घेऊन मारलं. आता सरकारी वकील दोन्ही कागद शेजारी ठेवतो आणि विचारतो, मारणारे ओळखीचे होते की अनोळखी? डॉक्टरला खोटं सांगितलंत की आज कोर्टाला सांगताय? तारीखही बघा. बाह्यरुग्ण चिठ्ठीवर 16, एफआयआरमध्ये घटनेची 15, डिक्लरेशनमध्ये "15 तारखेला संध्याकाळी". रात्री बारानंतर आणलेल्या माणसाची तारीख बदलणं साहजिक आहे, पण ते साहजिक आहे हे आधी कोणीतरी लिहायला हवं.

उपाय लपवाछपवी नाही. कागद मिळाल्यावर प्रत्येक ओळ अर्जदाराला वाचून दाखवायची, फरक दिसला की त्याचं खरं कारण डिक्लरेशनमध्येच लिहायचं: दवाखान्याच्या दारात पोलीस उभा होता, म्हणून भावाने पडलो असं सांगितलं. फरक आपण आधी सांगितला तर तो खुलासा. सरकारी वकिलाने काढला तर ती विसंगती.

जुन्या व्रणांसाठी अमेरिकेतल्या डॉक्टरची तपासणी जास्त कामाची. इस्तंबूल प्रोटोकॉलच्या (यातनांच्या खुणा तपासण्याचे आंतरराष्ट्रीय निकष) पद्धतीने केलेल्या अहवालात प्रत्येक व्रण सांगितलेल्या कारणाशी कितपत जुळतो ते श्रेणी लावून लिहितात. फिजिशियन्स फॉर ह्युमन राइट्स या संस्थेचं डॉक्टरांचं जाळं अशा तपासण्या करतं. मानसिक आघाताचा अहवाल असेल तर तारखा का विसरल्या जातात त्याचंही स्पष्टीकरण मिळतं.

खडूस
एवढ्यातेवढ्या तारखेच्या फरकाने केस जाते? मला लग्नाची तारीख आठवत नाही.

वकीलकाका
जाऊ शकते. रिअल आयडी कायद्याने जजला मुभा दिली आहे की विसंगती दाव्याच्या गाभ्याशी संबंधित नसली तरी विश्वासार्हता ठरवताना ती धरता येते. फक्त "सर्व परिस्थिती एकत्र पाहून" असं म्हटलंय, त्यामुळे एका किरकोळ फरकावर उभा केलेला निकाल वरच्या कोर्टात उलटतोही. बोलण्याची ढब, उत्तर टाळणं, सीमेवरच्या अधिकाऱ्याला दिलेला जबाब, क्रेडिबल फियर मुलाखतीची (सीमेवर पकडल्यावर भीती खरी वाटते का ते तपासणारी) नोंद, सगळं जुळवून बघतात. सीमेवरचा जबाब ही सर्वांत मोठी अडचण. दोन पानांचा, घाईत घेतलेला, "परत जायला भीती वाटते का" याला "नाही" लिहिलेलं. तो कसा घेतला गेला, दुभाषी होता का, प्रश्न खोलात विचारले का, यावरून त्याला किती वजन द्यायचं ते ठरतं. दुसऱ्या सर्किटने 2004 मध्ये रामसमीचिरे निकालात यासाठी निकष घालून दिलेत. हा जबाब सरकारी वकिलाच्या फायलीत असतोच, सुनावणीच्या आधी मिळवून वाचा.

(बायकोच्या वाढदिवसाची तारीख कोर्टात चुकली तर चालतं, घरी नाही.)

फ्रेमाँटकर
विश्वासार्हतेवर अजून एक, भारतीयांसाठी खास. 2015 चं आर-के-के प्रकरण. अर्जदार भारतातला, आणि त्याचं डिक्लरेशन सख्ख्या भावाच्या आधीच्या केसमधल्या डिक्लरेशनशी जवळजवळ शब्दशः जुळत होतं, व्याकरणाच्या चुकांसकट. बोर्डाने पायऱ्या ठरवून दिल्या: साम्य दाखवायचं, खुलाशाची संधी द्यायची, मग सगळं बघून निर्णय. खुलासा पटला नाही. "तयार डिक्लरेशन" विकणाऱ्यांकडे जाणाऱ्यांनी हे वाचावं. एकाच ऑफिसातून निघालेल्या तीस अर्जांत तेच चार हल्लेखोर, त्याच हॉकीच्या काठ्या आणि तीच पांढरी गाडी असेल तर सरकारी वकिलाला ते दिसतंच.

निळू
आणि खोटं सापडलं तर? फक्त नाकारतात?

वकीलकाका
महत्त्वाच्या मुद्द्यावर जाणूनबुजून बनाव केला असा स्पष्ट निष्कर्ष निघाला तर अर्ज "फ्रिव्हलस" ठरतो, आणि मग जवळपास कुठलाच इमिग्रेशन लाभ कधीच नाही. पुढे अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं तरी ग्रीन कार्ड नाही. इशारा अर्जावरच छापलेला असतो आणि जजही देतो.

सातारकर_शिकागो
मला वाटतं कागदावर फारच चर्चा झाली. भारतीय केस अडकते ती "मुंबईत जाऊन राहा" या वाक्यावर. देशांतर्गत स्थलांतर. यावर लिहा कुणीतरी.

खडूस
मुंबईत भाड्याने घर शोधायला लावणं हाच छळ धरावा.

गोमंतक_टेक्सास
डिपॉझिटसकट. +1

फ्रेमाँटकर
सातारकर, बरोबर. आधी ओझं कुणावर ते बघा. पूर्वी छळ झाला हे सिद्ध झालं तर पुढच्या भीतीचं गृहीतक अर्जदाराच्या बाजूने लागतं. मग परिस्थिती मुळातून बदलली आहे, किंवा देशात दुसरीकडे सुरक्षित राहता येईल आणि तशी अपेक्षा करणं वाजवी आहे, हे सरकारने सिद्ध करायचं. पूर्वीचा छळ सिद्ध झाला नाही आणि छळणारे खाजगी लोक असतील तर ओझं अर्जदारावर. म्हणून "एकदा ढकलाढकली, दोन धमक्या" एवढ्यावर पूर्वीचा छळ ठरला नाही की केस उताराला लागते. दोन तास चौकीत बसवून सोडणं, एक थप्पड, ही छळाची पातळी गाठत नाही असे निकाल भरपूर आहेत.

जज म्हणतो, भारत मोठा देश, तुम्ही शीख आहात, पंजाबबाहेरही शीख राहतात, जा. त्यावर नवव्या सर्किटने 2019 च्या सिंग विरुद्ध व्हिटेकर निकालात सांगितलं की असं ढोबळ चालणार नाही. हा माणूस कोण, तो दुसऱ्या राज्यातही मान पक्षाचं (शिरोमणी अकाली दल, अमृतसर) काम करणार असेल तर काय होईल, हे बघा. पण बघायला नोंदीत पुरावा हवा. भाषा, नोकरी, कुटुंब, पोलिसांनी दुसऱ्या राज्यात शोधल्याची घटना.

सातारकर_शिकागो
इथे महाराष्ट्राचा संबंध येतो. पोलिसांकडे भाडेकरूची नोंदणी करावी लागते, त्यात मूळ पत्ता द्यावा लागतो. त्याच्या जोडीला गुन्ह्यांच्या नोंदींचं देशव्यापी जाळं, सीसीटीएनएस. म्हणजे मूळ गावच्या पोलिसांना माणूस सापडू शकतो, असा युक्तिवाद करतात. कॅनडाच्या इमिग्रेशन बोर्डाच्या माहिती-टिपणांत या दोन्हींवर मजकूर आहे, अमेरिकेच्या कोर्टातही तो जोडतात.

वकीलकाका
जोडतात, पण नुसता जोडून उपयोग नाही. सापडू शकतो हे एक, शोधायची इच्छा आहे हे दुसरं. गावपातळीवरचा साधा कार्यकर्ता, वॉरंट नाही, एफआयआर नाही, तर बिहारपर्यंत त्याच्या मागे कोण येणार, हा जजचा प्रश्न रास्त असतो. तो सोडून गेल्यावर घरी कोण चौकशीला आलं, केव्हा, काय म्हणालं, हे घरच्यांच्या पत्रात तारखेनिशी हवं.

निळू
मग घरच्यांची, शेजाऱ्यांची वीसेक पत्रं लावली तर?

भाषांतरवाली
वीस नको. सरपंच, शेजारी, चुलता, सगळ्यांची पत्रं एकाच टाइपमध्ये, एकाच तारखेला, एकाच नोटरीच्या शिक्क्याची आली की त्यांचं वजन नसल्यासारखंच. चार द्या, पण प्रत्येकाने स्वतः पाहिलेलंच लिहावं. आईने घरावर आलेले लोक पाहिले, मारहाण पाहिली नाही, तर मारहाणीबद्दल तिने "मुलाने सांगितलं" असंच लिहावं. ओळखपत्राची प्रत आणि पत्र ज्यातून आलं ते टपालाचं पाकीट सोबत.

वकीलकाका
भाषांतरवाली ताईंशी सहमत, एक भर. 2010 च्या एच-एल-एच प्रकरणात बोर्डाने नातेवाइकांच्या पत्रांना कमी वजन दिलं, कारण ते हितसंबंधी आणि उलटतपासणीला उपलब्ध नाहीत. म्हणून अमेरिकेत असलेला एखादा प्रत्यक्षदर्शी मिळाला तर तो दहा पत्रांपेक्षा मोलाचा.

दवाखाना_नोंद
इथे मी थोडा असहमत. नातेवाइक आहेत म्हणून पत्रं बाजूला टाकणं काही सर्किट कोर्टांनी चुकीचं ठरवलंय. घरात घडलेल्या गोष्टी घरचेच पाहणार. पत्रं कमी असावीत हे मान्य, घरच्यांची नसावीत हे नाही.

वकीलकाका
मान्य. वजन कमी, शून्य नाही.

मीनल_फिली
पाच कारणांपैकी "विशिष्ट सामाजिक गट" यात आंतरजातीय लग्न, घरच्यांकडून जिवाला धोका, हे बसतं का?

वकीलकाका
बसवता येतं, पण हा सगळ्यात सरकता भाग. गटाची व्याख्या तीन कसोट्यांवर टिकावी लागते, 2014 चं एम-ई-व्ही-जी: बदलता न येणारं किंवा बदलायला लावू नये असं समान वैशिष्ट्य, सीमा स्पष्ट, आणि त्या समाजात तो गट वेगळा ओळखला जातो. खाजगी हिंसेबद्दलचं अ‍ॅटर्नी जनरलचं धोरण 2018 मध्ये कडक झालं, 2021 मध्ये मागे घेतलं, 2025 मध्ये पुन्हा कडक. गटाची नेमकी शब्दरचना जजसमोरच लेखी मांडायची. तिथे नाही मांडली आणि अपिलात नवा गट काढला तर बोर्ड बघत नाही, 2018 च्या डब्ल्यू-वाय-सी पासून हे पक्कं आहे. शिवाय पोलिसांकडे का गेलो नाही, याचं उत्तर लागेलच. जमिनीचा वाद किंवा उसनवारीचं भांडण मुळात असेल तर जात किंवा पक्ष हे "एक मध्यवर्ती कारण" होतं हे दाखवावं लागतं. तोंडी लावण्यापुरतं असून चालत नाही.

सातारकर_शिकागो
अवांतर नाही, पण धोक्याचं: केस जड करायला काहीजण "अतिरेकी घरी आले, त्यांना जेवू घातलं" असं घालतात. 2004 च्या सिंग-कौर निकालात तिसऱ्या सर्किटने जेवण देणं आणि तंबू उभारणं यालाच मटेरियल सपोर्ट, म्हणजे असायलमला अपात्र करणारी अतिरेक्यांना मदत, धरलं. बोर्डाच्या मते जबरदस्तीने दिलं म्हणूनही सूट नाही. खरं असेल तर सांगावंच लागेल, पण आधी वकिलाला.

गोमंतक_टेक्सास
एक वर्षाची मुदत?

फ्रेमाँटकर
शेवटच्या प्रवेशापासून एक वर्षात अर्ज, आणि ते स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने दाखवायचं. चोरून आलेल्यांना प्रवेशाची तारीख दाखवणं हेच काम होतं. अपवाद दोन: बदललेली परिस्थिती आणि असाधारण परिस्थिती. एच-1बी (नोकरी), एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्यांना दुसरा लागू होतो, पण स्टेटस गेल्यावर "वाजवी काळात" अर्ज हवा. सहा महिने काढले तर बहुधा तो वाजवी धरत नाहीत. मुदत हुकली तरी विथहोल्डिंग आणि यातनाविरोधी करार उरतात, त्यांना मुदत नाही, पण ग्रीन कार्ड नाही आणि बायकोमुलांना त्यातून काही मिळत नाही. दक्षिण सीमेवरून मे 2023 नंतर आलेल्यांवर असायलमसाठी वेगळे निर्बंध आहेत, ते तारखेप्रमाणे तपासा.

मंजिरी_श
सगळ्यांचे आभार, खूप मिळालं. आता मूळ प्रश्नावर परत येते. माणसाकडे खरंच काहीच कागद नाही. पोलिसांनी तक्रार घेतलीच नाही, खाजगी डॉक्टरने चिठ्ठी दिली नाही. त्याने काय करायचं?

वकीलकाका
न मिळण्याचाच पुरावा तयार करायचा. घरच्यांमार्फत पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टने अर्ज, त्याची पावती आणि पोच. दवाखान्याला ईमेल, आलेलं किंवा न आलेलं उत्तर. माहिती अधिकारात अर्ज, 10 रुपये शुल्क. मागायला गेल्याने घरच्यांना धोका असेल तर मागितलंच नाही हेही चालतं, पण तो धोका त्यांच्या प्रतिज्ञापत्रात हवा. भारताच्या सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर संवेदनशील सोडून बाकी एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायच्या असतात. त्यामुळे "एफआयआर झाली पण प्रत नाही" म्हणणाऱ्याला जज विचारणार, ऑनलाइन शोधली का? शोधल्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

आणि डिक्लरेशन लांबवू नका, खोल करा. "पोलिसांनी खूप मारलं" यापेक्षा खोली कशी होती, किती जण, कशाने, काय विचारत होते, पक्षाबद्दल नेमकं काय म्हणाले. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण हेतू सिद्ध होतो तो बहुधा मारणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांवरून. 1992 च्या इलियास-झकारियास निकालापासून हेतूचा काही तरी पुरावा, थेट किंवा परिस्थितीजन्य, लागतोच.

दवाखाना_नोंद
देशाच्या परिस्थितीचे अहवाल राहिले. अमेरिकेच्या स्टेट डिपार्टमेंटचा (परराष्ट्र खात्याचा) मानवाधिकार अहवाल, तिथल्याच धार्मिक स्वातंत्र्य आयोगाचा अहवाल, हे लावाच. पण 600 पानं छापून देऊ नका. लागू असलेला भाग अधोरेखित करा आणि अनुक्रमणिकेत एका ओळीत सांगा की पान 212 वर काय आहे.

फ्रेमाँटकर
आणि अर्जातला एकही रकाना रिकामा नको, लागू नसेल तिथे तसं लिहा. एप्रिल 2025 च्या सूचनेनंतर कायद्याने उभाच न राहणारा अर्ज सुनावणीशिवाय निकाली काढायची मुभा जजना आहे. "सविस्तर नंतर देईन" असं लिहून मोकळं होण्याचे दिवस गेले. जुलै 2025 च्या कायद्याने अर्जाला 100 डॉलर शुल्कही आलंय, माफी नाही.

निळू
फाइल किती दिवस आधी द्यायची?

वकीलकाका
अटकेत नसलेल्याची मुख्य सुनावणी असेल तर 30 दिवस आधी, जजने वेगळी तारीख दिली नसेल तर. मुखपृष्ठावर ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने अर्जदाराला दिलेला क्रमांक), पानांना सलग क्रमांक, ए-बी-सी टॅब, साक्षीदारांची यादी, आणि सरकारी वकिलाला प्रत दिल्याचा पुरावा. पत्ता बदलला तर पाच दिवसांत कोर्टाला कळवा. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि तुम्ही हजर नसलात तर पुरावा कितीही भक्कम असला तरी गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश निघतो.

गोमंतक_टेक्सास
भाषांतरवाली ताई, स्टॅम्प पेपरवरच्या प्रतिज्ञापत्राच्या मागच्या बाजूचं पण भाषांतर लागतं का? तिथे फक्त शिक्के असतात.

भाषांतरवाली
लागतं. मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, विकल्याची तारीख, कुणाच्या नावाने घेतला ते, नोटरीचा नोंदवहीतला क्रमांक, सगळं. वाचता येत नसेल तिथे "शिक्का अस्पष्ट" असं लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही. आणि विकल्याची तारीख प्रतिज्ञापत्राच्या तारखेनंतरची नाही ना, तेवढं पाठवण्याआधी बघून घ्या.